चूक किती धरता?

बुशशर्टची बटणं काढता काढता त्यांनी विचारलं,
मॅडम, चूक किती धरता?
पुंजाजी गांगुर्डे, वय एकोणसत्तर,
तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात, गंगेची पातळी वाचणारे.
बाकीचे विचारतात, दुखेल का.

धरतो दहाएक टक्के, म्हटलं.
आम्हीही तेवढीच, ते म्हणाले, फक्त लिहायचो नाही.

रुबिडियम सव्वा मिनिटात निम्मं उरतं.
शिरेतून उजव्या कप्प्यात, फुप्फुसातून डाव्यात,
आणि पडद्यावर एक रेघ ताडकन उभी राहते,
इतकी उंच की यंत्राचेच डोळे दिपतात
आणि नेमकं शिखर मोजायचं राहतं.
शिखर बुटकं धरलं की प्रवाह फुगून निघतो,
काळीज आहे त्याहून धडधाकट दिसतं.

पुरात असंच, ते म्हणाले. पट्टीच बुडते.
मग अख्खं नाशिक दुतोंड्या मारुतीकडे बघतं:
गुडघा, कंबर, छाती.
शून्य कुठून धरायचं, कोणी विचारत नाही.

त्या दिवशी विश्रांतीत ०.९.
औषध दिल्यावर १.२.
दर मिनिटाला, दर ग्रॅमला, इतके मिलिलिटर.
तिन्ही भिंती सारख्याच सुस्त.
मी घड्याळ तपासलं, डोस तपासला,
हृदयाची कड फुप्फुसावर सरकली का, तेही.
सगळं जागच्या जागी.
सबनीस डॉक्टर अँजिओग्राफीची तारीख बघायला लागले.

सकाळी चहा घेतला होतात?
नाही म्हणालो ना.
मग बराच वेळ छताकडे बघत,
अर्धा कप. द्वारकेला. थंडी होती.
मग, पूर्ण कप.

आणि मी न विचारताच:
एका श्रावणात मुलगी तापानं फणफणली होती,
रात्री दोनला पट्टीवर गेलोच नाही.
बाराचा आणि चारचा आकडा होता,
त्यांच्या मधला लिहून टाकला.
आलेखात अजून आहे तो.
मॅडम, सबंध पावसाळ्यातला तोच सगळ्यात गुळगुळीत आकडा.

चौथ्या दिवशी परत आले.
बायकोनं चहापत्तीचा डबा शेजारी ठेवायला दिलेला.
०.९. मग २.१.
खालच्या भिंतीत एक जागा मात्र मागे,
बोटाच्या पेराएवढी, पण खरी.

अहवालात मी आकडे लिहिले,
प्रत्येकाच्या पुढे अधिक-उणे,
आणि पहिल्या दिवसासमोर:
चाचणी ग्राह्य नाही. चहा, एक कप.

त्यांनी चष्मा लावला.
२.१ वर थांबलेच नाहीत.
बोट सरळ चहावर.
आमच्या वहीतही शेऱ्याचा रकाना होता, म्हणाले,
चांगला रुंद.