जबानी

रुवीतल्या त्या खोलीत ट्यूबलाइट गुणगुणते,
फक्त निहारला ऐकू येईल इतकी.
त्यानं कान झाकले.
कागदावर आलं : सहकार्य नाही.

साहेब अरबीत विचारायचे,
दुभाषे कुट्टन हिंदीत,
आणि मी मराठीत, हळू,
जसं रोज भाताचं विचारते :
"सरांना तू ढकललंस?"

"सरांना तू ढकललंस."

माझाच आवाज, माझाच हेल, शेवट तेवढा सपाट.
तेरा वर्षं हे असंच.
"पाणी हवं?" म्हणाला की त्याला पाणी हवं असतं.
"बाहेर जायचं?" म्हणजे चप्पल शोधा.
आणि कधी कधी
म्हणजे काहीच नसतं,
शब्द तोंडात धरून बघतो नुसता.

शाळेची फाइल टेबलावर होती.
रांग मोडतो. नजर देत नाही. उलट बोलतो.
उलट कसलं हो,
जसंच्या तसं बोलतो.

कुट्टनचं पेन थांबलं.
"ताई, ये सवाल है कि जवाब?"
मला सांगता येईना.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.
उजवीकडून डावीकडे माझा मुलगा लिहिला गेला,
खाली मी सही केली, डावीकडून.

परतताना मत्रहच्या सिग्नलला
तो मागच्या सीटवर बोलू लागला,
पीटीच्या सरांच्या आवाजात, त्यांच्या धापेसकट :
"हिलना मत. और दबाऊँगा. हिलना मत."
आणि स्वतःचा डावा खांदा
चिमटीत धरून बसला.

सिग्नल हिरवा झाला. मागे हॉर्न.
मी हलले नाही.