खोकं

तूरिन, अठ्ठ्याहत्तरचा फेब्रुवारी.
लाँड्रीच्या वरची खोली. खालून वाफ यायची,
म्हणून भाडं कमी आणि भिंतींना पोपडे.
आम्ही अकरा जणी. टिपणं घ्यायचं काम माझ्याकडे,
माझं अक्षर बरं म्हणून.
(तेर्सिल्ला म्हणाली, हेही पुन्हा बाईच्याच गळ्यात.
मी म्हटलं, इथे दुसरं आहे कोण?)

विषय पहिला: खोकं.

हेडलाइटचा कारखाना, प्रेस क्रमांक सात.
दोन बटणं, दोन्ही हातांनी एकदम दाबायची,
म्हणजे बोटं शाबूत राहतात.
बटणांची उंची कुणाच्या तरी खांद्यांवरून ठरलेली.
नीवेसचे हात पोचतात, पण टाचा उचलून.
आठ तास टाचा उचलून.
तिला पायाखाली एक खोकं हवंय.

तेर्सिल्ला बोलायला उभी राहते, नेहमीच.
"आज खोकं मागाल,
उद्या ते म्हणतील, खोकंवालीला पगार कमी.
समान काम, समान दाम. खाली रेघ ओढ गं.
आणि रात्रपाळीही द्या आम्हाला.
मला अंधाराची भीती वाटत नाही,
महिनाअखेरची वाटते."

नीवेस इतकं हळू बोलते
की लिहिताना तिच्याकडे वाकावं लागतं.
"खोकं त्यांनाही आहेच की.
ते यंत्रातच ओतलंय, म्हणून दिसत नाही.
मला बुटकी म्हणा, बाई म्हणा,
पण माझ्या टाचा
तुमच्या घोषणेत बसवू नका."

मग कल्ला. पाऊण पान कोरं आहे इथे.

आमच्या भाषेत टेबलं दोन:
वाटाघाटी होतात ते पुल्लिंगी,
त्याच्यावरच ताटं मांडली की ते स्त्रीलिंगी.
तेर्सिल्लाला पहिल्याशी खुर्ची हवी होती.
कुणीतरी मागून म्हणालं, आणि दुसरं कोण पुसणार?
कोण ते लिहिलेलं नाही.
आवाज माझा असावा.

अस्सुंता बाळंतपणाच्या रजेवर, तरी आलेली.
बोलता बोलता थांबली.
ब्लाउजवर दोन ओले डाग उमटत गेले,
हातातल्या टीपकागदावर शाई उमटावी तसे.
तिने कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत,
आणि वाक्य होतं तिथून पुढे नेलं.
कुणी काही म्हणालं नाही.
मी दोन रकाने आखले होते: समानता, वेगळेपण.
ओल कुठे लिहायची ते कळेना.

मतदान: पाच, पाच. मी तटस्थ.
विषय तहकूब.

नीवेसने वाट पाहिली नाही.
बाजारातून संत्र्यांचं रिकामं खोकं आणलं,
कडेला सिसिलीचा सूर्य छापलेला,
आणि चढली.

पण सकाळी ते सातपाशी नसायचं.
नवाजवळ सापडायचं, बाजूला सिगारेटची थोटकं.
रात्रपाळीचा एराल्दो, नीवेसच्या कानाएवढा,
एकदा गेटवर तिला गाठून म्हणाला,
बोलू नकोस कुठे.
ती फक्त आम्हाला बोलली.

पुढच्या बैठकीत तेर्सिल्ला उभी राहिली:
बघा, हा बाईचा प्रश्नच नव्हता!
नीवेस बसूनच म्हणाली:
बघा, त्याला मागायची लाज वाटली,
मला नाही. हाच तो फरक.
पुरावा एकच, ओढाताण दोन्हीकडून.
मी दोघींचं लिहून घेतलं,
दुसरीचं समासात, जागा संपली म्हणून.

एप्रिलमध्ये खोक्याचं एक फळकूट निखळलं.
दुसऱ्या दिवशी ठोकलेलं होतं, तीन खिळे, एक वाकडा.
ते नीवेसने ठोकलं की एराल्दोने,
याची नोंद नाही.