अलिफ, बे

मे महिना. परळीत तीन नंबरचं यंत्र उघडून ठेवलेलं,
वरचं झाकण क्रेनला लटकत होतं
आणि खाली लाकडी ठोकळ्यांवर रोटर,
इतका गप्प, की पात्यांवर चिमणी येऊन बसायची.

शेवटच्या चकतीत ब्याण्णव पाती.
सदतिसावं मुळाशी तडकलेलं:
लाल रंग फासून पुसला
तेव्हा दिसली केसाएवढी रेघ.

"हेच का?" मी विचारलं.
"त्येलाच इचारा," शेख खाजामियाँ म्हणाले,
आणि पितळी हातोडी घेऊन, डोळे मिटून,
पहिल्या पात्यापासून वाजवत निघाले.
टण्ण. टण्ण. टण्ण.
वडील अंबाजोगाईत तबल्यांना शाई चढवायचे,
हा कान तिथला.

"समदी एका सुरात हायती, बाई.
मागल्या साली नवी बसवली तवा
फरकच न्हाई म्हणून सायबानं पेढे वाटले व्हते."

दुखणं तेच होतं.
एकसारखी पाती एकमेकांचं ऐकतात.
एक शहारलं की वाफ ते शेजाऱ्याला सांगते,
शेजारी पुढच्याला,
आणि फेरी पुरी करून शहारा परत येतो
जाताना होता त्याहून धष्टपुष्ट.
त्यातच एखादं, कारखान्यातून येतानाच,
नखभर वेगळं निघालेलं असतं.
मग सगळ्यांचं थरथरणं
त्याच्याच दारात साचत जातं.

पुण्याहून आलेल्या कागदावर उपाय एका ओळीचा:
सम आकड्याच्या पात्यांची टोकं घासा.
वजन उतरेल, सूर चढेल.
एकाआड एक.

खाजामियाँनी कागद पालथा ठेवला.
"चांगल्या पात्याला खोट द्यायची?
छत्तीस वर्सं मी खोट काढायलो."

मी कूलरचं सांगून पाहिलं.
कॉलनीत लाइट आली की साठ कूलर
एकाच क्षणी सुरू होतात, डीपी उडतो;
निम्म्यांनी दोन मिनिटं थांबावं, एवढंच हे.
"आमच्या घरी कूलर न्हाई," म्हणाले
आणि पाणी प्यायला गेले,
ते असरची नमाज झाल्यावरच आले.

हात धुतलेले. बाह्या वर.
"डग्गा अन् तबला एका सुरात
कोन येडा लावतंय?"
एवढंच. मग ग्राइंडर मागितला.

चार दिवस ठिणग्या.
घासायचं, निवू द्यायचं, वाजवायचं,
मान हलवायची, पुन्हा थोडं घासायचं.
मी मीटर लावून आकडा वाचायची;
विसाव्या पात्यानंतर
आकडा त्यांच्या मानेमागून यायला लागला.
लोखंडाचा भुगा त्यांच्या दाढीत
मेंदीच्या रंगावर करडा बसलेला.

मी खडूनं लिहीत होते अ, ब, अ, ब.
पलीकडून ते लिहीत आले
अलिफ, बे, अलिफ, बे.
सत्तेचाळिसाव्यापाशी आमचे खडू भेटले.
दोघांपैकी कुणीच पुसलं नाही.

अकराव्या दिवशी वाफ सोडली.
बेअरिंगच्या डोक्यावर त्यांनी रुपया उभा केला.
सतराशे फेऱ्यांवर तो पडला,
तिथं पडतोच, सगळ्यांना माहीत आहे.
तीन हजारावर त्यांनी तो पुन्हा ठेवला.
उभा राहिला.
शिफ्टच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या;
ते कानाला लांब पेचकस लावून
बराच वेळ वाकलेले.

"काय ऐकू येतं?"
"गर्दी," म्हणाले.
थोडं थांबून, "पन भांडन न्हाई."

संध्याकाळी सदतिसावं पातं मागितलं घरी न्यायला.
गेटपासवर मी लिहिलं: भंगार, एक नग.
कशाला हवंय, विचारलं नाही.
गेटवरच्या पोरानं पेपरची गुंडाळी सोडवली,
काठीनं वाजवून पाहिलं.

थप्प.

"ह्यात काय हाय, चाचा?"
"कायबी न्हाई रं. ऐकू आलं न्हव का?"
आणि काखेत मारून
राखेच्या रस्त्यानं निघाले.