बुचाच्या आतलं अक्षर

मुहर्रकच्या समुद्राखाली गोड्या पाण्याचे झरे होते,
मोती काढणारे बुडी मारून कातडी पिशव्या भरून आणत,
हे खरं आहे.
हाजी ईसाच्या बापाने त्यातलाच एक झरा बाटलीत आणला,
हे आमच्या जाहिरातीत होतं.
पाणी टँकरचं यायचं. रंग पिंपातून.
टँकरवाला बलुची, उधारीला वैतागलेला.

पेयाचं नाव ऐन. अरबीत झरा, आणि डोळाही.
मी खूरीसाहेबांना म्हटलं, आमच्याकडे हा शब्द
उन्हाला लावतात, वयाला लावतात,
ऐन उन्हात, ऐन विशीत.
साहेब लेबनॉनचे, तिखट कानाचे.
आठवड्यात हिद्दच्या लेबर कॅम्पबाहेर फळा लागला:
ऐन उन्हात ऐन.
देवनागरीत, माझ्याच हस्ताक्षरात.
त्याचे मला दोन दिनार मिळाले.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात स्पर्धा काढली.
बुचाचं अस्तर खरवडलं की आत एक अक्षर.
ऐन, ये, नून.
तिन्ही जमवा, विमानाचं तिकीट, जाऊन-येऊन.
बूच-खात्यात मी होतो.
ऐन लाखांनी छापले, ये लाखांनी,
नून बारा.
बाराही साहेबांच्या खणात.

ड्राय डॉकवरचा वेल्डर पडवळ, खेडकडचा,
अर्धा पगार ऐनमध्ये घालायचा.
दात नारिंगी, जीभ नारिंगी,
बुचं बिस्किटाच्या डब्यात, रात्री मोजून ठेवलेली.
"नून दिसतं कसं रे?"
मी वाळूत बोटाने काढलं. खाली वाटी, वर टिंब.
"हा तर ओमवरचा चंद्रबिंदू," तो म्हणाला,
"मग मिळणारच."

सप्टेंबरात त्याने एका बुचातला ये खरवडून
जहाजाच्या लाल रंगाने नून काढलं
आणि खिडकीवर नेलं.
खिडकीतला पोऱ्या हसला.
खूरीसाहेब हसले नाहीत. त्यांना विजेता हवाच होता.
फोटोवाला बोलावला,
पडवळच्या हातात दाराएवढं पुठ्ठ्याचं तिकीट दिलं,
त्याच्या खांद्यावर हात टाकला.
फोटो पेपरात गेला, तिकीट गोदामात.
पडवळला दोन क्रेट,
आणि पोलिसांत देणार नाही, एवढा शब्द.

कात्रण त्याने घरी पाठवलं नाही.
दुसऱ्याच कुणीतरी पाठवलं.
घरच्यांनी अंगण सारवलं,
भाऊ सांताक्रूझला जाऊन दोन दिवस राहिला,
आखाताकडून येणाऱ्या प्रत्येक विमानाला.

पुढे कॅन आले, काचेच्या बाटल्यांना कुणी विचारेना.
कारखान्याच्या जागी हाजीच्या नातवाचं टायरचं दुकान आहे म्हणतात,
पाटीवर झरा अजून तोच.

एक सांगायचं राहिलं.
साहेबांच्या खणात नून अकराच होते.
बारावं माझ्याकडे आहे,
कडा गंजली, टिंब तेवढं शाबूत.
पडवळला द्यायचं म्हणूनच उचललं होतं,
उद्या, उद्या करत.
फोटोच्या वेळी पुठ्ठा वाऱ्याने हलत होता,
त्याचं एक टोक मीच धरलं होतं, चौकटीबाहेरून.
बूच खिशात होतं.
मांडीला टोचत होतं.