सामाईक भिंत

टेपचं शून्याचं टोक शाहीनच्या हातात,
आकड्यांचं माझ्या.
कसब्यात, तांबट आळीतलं तीनखणी घर:
दर्शनी रुंदी सतरा फूट चार इंच,
मागची सोळा फूट अकरा.
काटकोन एकही नाही.
शाहीन म्हणते, गुण्या लावून बघू का?
मी म्हणते, राहू दे, गुण्याला लाज वाटेल.

जोतं गुडघाभर, काळ्या दगडाचं.
त्यावर सागाचे खांब, प्रत्येकाला आपला उथाळा.
दुसरा खांब मात्र उथाळ्यावरून पाऊण इंच सरकलेला,
कधी, कोणाला माहीत नाही.
वरचे दोन मजले त्याबद्दल
अजून काही बोललेले नाहीत.

तळमजल्यात जमिनीत पुरलेला ओंडका,
ओंडक्यात खरवई,
खरवईवर बंबाचं बूड मठारणारे मोरेश्वर लांजेकर.
आम्ही कागदावर लिहिलं: ओंडका, व्यास एक फूट दोन इंच.
आवाज कुठल्या रेषेनं काढायचा
ते कॉलेजात शिकवलं नव्हतं.
डोक्यावर कडीपाट. कड्या एकवीस, अकरावी झुकलेली.
"ऐकून ऐकून वाकलीये ती,"
हातोडी न थांबवता ते म्हणाले.

जिन्याच्या सगळ्या पायऱ्या वेगळ्या उंचीच्या.
घरातली पोरं अंधारात धावत चढतात,
आम्ही दोघी उजेडात तीनदा ठेचकाळलो.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर,
पूर्वेच्या भिंतीत, चुन्याखाली
एक आडवी रेघ दिसली.
नख लावलं. पोपडा पडला. आत साग.
दाराच्या माथ्यावर असतं तसं लाकूड,
आणि खाली दार नाही.

लांजेकर हातातली हातोडी तशीच घेऊन वर आले.
दांड्याच्या टोकानं भिंतीवर टकटक केलं,
डावीकडे, उजवीकडे, मग मधे.
तांब्याची जाडी ज्याला कानानं कळते
त्याला विटांचं काय.
"बद्द. बद्द. हां, इथं बोलतंय."

मग पत्रा कापावा तसं
थोडं थोडं, कडेकडेनं सांगितलं.
पानशेत फुटलं त्या दिवशीचं.
वडक्यांचं घर उताराला. त्यांचा जिना पाण्यात गेला
तेव्हा आमच्या वडलांनी इकडून
आणि बाबू वडक्यांनी तिकडून पहार घातली.
नऊ माणसं, एक शिवणयंत्र, एक शेळी
ह्या भोकातून आली.
भिंत बसू नये म्हणून वर झोपाळ्याची फळी ठोकली.
कडीचं भोक असेल बघा तिला, डाव्या टोकाला.

होतं.

आणि मग?
मग भरपाईचे अर्ज आले.
भिंत कोणाची, ह्या रकान्यात
दोघांनीही लिहिलं: माझी.
अठरा वर्षं तारखा पडल्या. शेळी केव्हाच मेली.
वडक्यांनी त्यांच्या अंगानं विटा लावल्या,
आम्ही आमच्या अंगानं.
मधे हातभर जागा उरली.
तिच्यावर दावा कोणीच लावला नाही.

नकाशात नियम असा:
जे आहे पण दिसत नाही, त्याला तुटक रेषा.
रात्री दिव्याखाली मी ती काढली,
दोन्ही बाजूंना पक्क्या रेषा, आत तुटक चौकट,
आत काय लिहावं ते सुचेना.
शाहीननं लिहिलं: एक फूट सहा इंच.
बास.

पलीकडची मापं राहिली होती.
वडक्यांच्या नातवानं दार उघडलं, खुर्ची पुसून दिली,
चहा टाकू का म्हणाला.
त्याच्याकडची भिंत फिकट हिरवी,
नेमक्या त्या जागी एक खिळा, त्यावर काहीच नाही.
"इथं टीव्ही लावणार होतो," तो म्हणाला,
"पण शेजारचं ठोकणं इथूनच फार येतं.
का, कोण जाणे."

खालून, भिंतीपलीकडून,
बंबाचं बूड गोल होत होतं.
शाहीननं माझ्याकडे पाहिलं.
मी टेपचं टोक तिच्याकडे दिलं
आणि त्याला म्हटलं,
चहा चालेल. साखर कमी.