तीनशे नऊ अणू

विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर, एसी फक्त मशीनला.
पडद्यावर चांदीचा गोळा : तीनशे नऊ अणू, मोजून.
भोवती पाण्याचे चाळीस हजार रेणू
आणि एका बाजूला जिवाणूचं प्रथिन,
मांजरानं खेळून टाकलेल्या लोकरीसारखं.

या डब्याला भिंती नाहीत.
उजवीकडून निसटलेला अणू
त्याच वेगानं डावीकडून परत आत येतो,
हुपरीच्या केएमटीत रोज बसणाऱ्या माझ्यासारखा.
(आमच्याकडं पोरीसुद्धा 'मी आलो' म्हणतात.
पुण्याच्या परिषदेत मी 'आले' म्हणाले
आणि पुढचं वाक्य विसरले.)

एक पाऊल म्हणजे दोन फेम्टोसेकंद.
अशी पाच कोटी पावलं चाललं
की होतात शंभर नॅनोसेकंद,
आणि आमचं मशीन त्याला सतरा दिवस घेतं.
सतरा दिवसांत आप्पांचे पैंजणांचे बावीस जोड झाले.
त्यांचे पैसे अजून यायचेत.

"किती भार चांदी म्हनायची ही तुझी?"
दशांशचिन्हापुढं एकोणीस शून्यं, आप्पा,
मग कुठं ग्रॅमचे आकडे सुरू होतात.
"म्हंजे उधारीवर बी द्याला यायची न्हाई."

गोळा मी लहान करत गेले.
एकशे सत्तेचाळीस. पंचावन्न.
जितका लहान, तितका कमी तापमानाला पाघळायचा.
तीन रात्री मी इनपुट फाइलमधली चूक शोधत बसले,
इरफान मुल्लाणी दोनदा चहा ठेवून गेला, दोन्ही गार झाले.
रविवारी घरी सांगितलं, तर आप्पा फुंकणी न सोडताच :
"रवा बारीक असला की आधी पाघळतोच की गं.
ह्यो शोध लावला व्हय तुमी?"

त्यांचा रवा माझ्या गोळ्याहून अब्जावधी पटींनी मोठा.
तो लवकर तापतो, म्हणून पाघळतो. कारण वेगळं आहे.
मी सांगितलं : माझ्यातले निम्मेअधिक अणू पृष्ठभागावर असतात.
आतल्याला बारा शेजारी, कडेच्याला सहा, आठ.
ज्याला शेजारी कमी, तो आधी सुटतो.

फुंकणी थांबली.
आमच्या गल्लीत अकरा भट्ट्या होत्या,
आता चार आहेत.
आप्पांनी समोरच्या कुलपाकडं पाहिलं,
श्रीधर मगदुमांच्या,
आणि म्हणाले, "हां. हे मातूर खरं."

प्रथिनात एक गंधक आहे, आतल्या घडीत.
चांदी त्याच्याकडं सरकली की मला सगळं बदलावं लागतं.
बंध जुळताना साधे नियम आंधळे होतात.
तेवढ्या पंचवीस-तीस अणूंना क्वांटमचं गणित,
बाकीच्या पाण्याला जुनं, शाळेतलं पुरतं.
सगळ्यांना सगळं देण्याइतकं मशीन कुणाकडंच नसतं.

बाराव्या दिवशी सव्वातीनला लाइट गेली.
चौदाव्या दिवशी अंतर पावणेतीन अँगस्ट्रॉम.
मग अडीच.
मग ते वाढलंच नाही.

घरी येऊन आईचा पाय मांडीवर घेतला.
टाचेजवळ पैंजण काळं पडलेलं.
घामातला, हवेतला गंधक.
जिथं चांदी काळवंडते, तिथंच कुठंतरी
जिवाणूचा श्वास अडतो, एवढंच माझं म्हणणं आहे,
आणि तेही अजून म्हणणंच.
"गुदगुल्या हुत्यात, सोड," आई म्हणाली.

सरांची मेल आली :
एका धावेवर विश्वास ठेवता येत नाही.
सुरुवातीचे वेग बदला, पुन्हा करा, निदान दोनदा.
म्हणजे चौतीस दिवस, आणि रांगेत माझा नंबर सातवा.

आप्पांना वाटलं मी रडणार.
डाग घासायची रिठ्याची वाटी बाजूला सारून म्हणाले,
"बरोबरच हाय त्यांचं.
एका पायातलं पैंजण
कोन इकत घेतंय?"