मतमोजणी

पेटी म्हणजे बुटाचा खोका, झाकणाला ब्लेडने पाडलेली फट.
महिनाभर तो बर्डीवरच्या कॅसेटवाल्याकडे होता.
कॅसेट आता नाहीत तिथे, मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात,
पण मालकाने गल्ल्याशेजारी जागा दिली
आणि एक पेन बांधून ठेवला दोरीने, बँकेतल्यासारखा.

अकरा वर्षं झाली लोडशेडिंग बंद पडून.
(हे आमच्या बँडचं नाव. विजेचं वेगळं.)
कोणीतरी म्हणालं, निवडक काढा, बारा गाणी,
कोणती ते लोकांनाच विचारा.
विचारलं.

मनीषनगर, बेनेडिक्टचा हॉल, मे महिना.
कूलरसमोर चिठ्ठ्या उघडायच्या नसतात
हे दुसऱ्याच मिनिटाला कळलं.
सोफ्याखालून सतरा मतं काढली
आणि कूलर बंद करून घामात बसलो.

प्रज्योत कोराडीहून शिफ्ट संपवून आला.
लोडशेडिंगचा ड्रमर वीज केंद्रात नोकरीला:
हा विनोद करून करून झिजवलाय आम्ही,
तरी तो चपला काढेपर्यंत कोणीतरी करतंच.

‘मेडिकल चौक’ एकशे चार.
निशाद असा हसला, जणू पोरीचा निकाल लागलाय.
‘उलटी खुर्ची’ अठ्ठ्याऐंशी.
‘एटीकेटी’ सत्तर, त्यातली वीस एकाच अक्षरात, हिरव्या शाईत.
बेनी म्हणाला, भक्ती म्हणून धरू.
धरली.

माझं ‘पाण्याची टाकी’ तीन.
एक माझं.
एक भावाचं, त्याचा ‘ट’ मी कुठेही ओळखेन.
तिसरं कोणाचं असेल
याचा विचार करत मी पुढच्या पंचवीस चिठ्ठ्या
चुकीच्या ढिगात टाकल्या.

आणि एक ढीग रद्दचा.
तो माझा. मी क्लासवर फिजिक्स शिकवते,
नसलेल्या उत्तराला अर्धा मार्कही देत नाही.
‘लाइट गेली होती तेव्हाचं.’
‘विदाऊट माइक.’
‘गॅदरिंगचं शेवटलं, नाव माहीत नाही, सॉरी.’
‘ज्यात आम्ही बाकं वाजवली.’
एकाने नुसतंच लिहिलेलं: ढम् ढम् ढढम्
आणि खाली सही, फोन नंबर.

प्रज्योतने ढीग ओढून घेतला.
‘कायले रद्द करतं व, ढोके?
हे सारं एकच गानं होय.’

पुन्हा मोजलं.
एकशे एकोणीस.

ते गाणं नव्हतंच.
‘एटीकेटी’च्या मध्यावर अॅम्प मेले, हॉल काळाकुट्ट झाला,
प्रज्योत थांबला नाही, इतकंच.
बिनविजेचा बेस म्हणजे भिंतीपलीकडचं बोलणं;
माझा मलाच ऐकू येत होता, बरगडीत.
तरी वाजवत राहिले. का, ते आजही सांगता येणार नाही.
कोणी रेकॉर्ड केलं नाही.
तेव्हाचे फोन टॉर्चपुरतेच.

निशाद म्हणतो, शब्द होते, मीच गायले.
बेनी म्हणतो, तू पाणी शोधत होतास.
प्रज्योत मांडीवर सहाची मात्रा वाजवतो,
मी स्टीलच्या ताटावर चारची,
निशादचं काहीतरी तिसरंच, डोळे मिटून,
आणि वरच्या मजल्यावरून कोणीतरी फरशी ठोकतं
ते आमच्यापेक्षा बरं लागलेलं असतं.

साडेअकरा. कोणाला फोन करायची वेळ नाही.
बेनीने लावला.
स्पीकरवर झोपेतला आवाज: कोण?
सांगितलं कोण.
बराच वेळ नुसता पंखा.
मग म्हणाला, आहे ना, पूर्ण लक्षात आहे,
रोज गाडीच्या टाकीवर वाजवतो सिग्नलला.
थांबा जरा. लेकरू झोपलंय. गॅलरीत जातो.

मी पेन्सिल खाली ठेवली.
प्रज्योतने ताट उलटं धरलं.
फोनमधून त्याच्या स्लिपर्स,
मग एक कडी, जी पहिल्यांदा निघाली नाही.